पाच मण भाताचं देणं

माझ्याकडे वेळूच्या एका नळ्यात ७ नोटा आहेत. रुपयाची एक, दोनच्या तीन, पाचच्या दोन आणि दहाची एक. सगळ्या मिळून २७ रुपये. सगळ्यांवर इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज आहे, डोक्यावर मुकुट घातलेला. नोटा घड्यांवर चिरल्या आहेत, दहाच्या नोटेचा एक कोपरा उंदरांनी नेला आहे, आणि चुलीच्या धुराने सगळ्यांचा रंग तंबाखूसारखा झाला आहे. जुन्या नोटांचा व्यापार करणारे लोक कोऱ्या करकरीत नोटेला भाव देतात, अशा नोटा ते हातात धरून परत करतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण या नोटा ज्या बाईने मला दिल्या, तिचं माझ्यावर ऋण आहे, आणि या नोटांची हकीकत सांगितल्याशिवाय मला ते ऋण सांगता येणार नाही.

ती माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाची बायको. सगळं गुंजवणे तिला थोरलीच म्हणायचं, आम्ही पोरं थोरली आजी. गुंजवणे राजगडाच्या पायथ्याला आहे. आज शनिवार-रविवारी पुण्याहून येणारी मुलं आमच्या गावातून चोरदरवाजाची वाट धरतात आणि पद्मावती माचीवर जातात. थोरल्या आजीच्या तरुणपणी या वाटेने गुराखी आणि हिरडा गोळा करणाऱ्या बायकाच जात. गाव भोर संस्थानात होतं. पंतसचिवांच्या त्या संस्थानाने आपल्या मुलखाची नावं गडांवरून ठेवली होती: राजगड, प्रचंडगड, विचित्रगड, सुधागड, आणि जोडीला पवनमावळ. धारा भरायचा संस्थानाला, पण तो भरायचा इंग्रजांच्या रुपयात, कारण भोरचं स्वतःचं चलन नव्हतं. भाताची खाचरं थोडी, उतारावर नाचणी-वरई, त्यावर वर्ष निघत नसे. म्हणून आमच्याकडचे पुरुष मुंबई धरायचे. कोणी गिरणीत, कोणी मसजिद बंदरला हमालीत, कोणी गोदीत. तिथे गावकीची खोली असायची. एका खोलीत गावचे वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपायचे.

थोरले आजोबा गोदीत होते. त्यांची मनीऑर्डर यायची. पोस्टमन नोटा मोजून ओटीवर ठेवायचा, थोरली आजी अंगठा उठवायची. मीठ, रॉकेल, लुगडं, धारा एवढं भागवून जे राहील ते वेळूच्या नळ्यात घालून ती नळा चुलीच्या वर माळ्याच्या वाशाला अडकवायची. धुराने कसर लागत नाही, हे तिचं गणित.

दुसऱ्या महायुद्धाच्या, म्हणजे लढाईच्या, वर्षांबद्दल ती एक वाक्य नेहमी सांगायची. "नोटा येत व्हत्या, पर नोटंच्या मागनं माल येत नव्हता." मी लहानपणी ते नुसतं ऐकलं होतं. बँकेत लागल्यावर सीएआयआयबीच्या परीक्षेसाठी चलनाचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा लक्षात आलं की भल्याभल्या पुस्तकांनी पानंच्या पानं खर्चून जे सांगितलंय ते या बाईने एका ओळीत सांगितलं होतं.

त्या नोटांच्या मागे काय होतं, ते असं. १९३५ साली रिझर्व्ह बँक सुरू झाली. तिच्या कायद्याने नोटांना तारण काय असावं ते ठरवून दिलं होतं: पाच भागांतले दोन भाग तरी सोनं किंवा स्टर्लिंग रोखे असले पाहिजेत, आणि सोनं निदान ४० कोटी रुपयांचं असलं पाहिजे. वाचताना हे भारदस्त वाटतं. पण स्टर्लिंग रोखा म्हणजे इंग्लंडच्या सरकारने लिहून दिलेला कागद. म्हणजे आपल्या नोटेला तारण होतं ते दुसऱ्या देशाचं वचन. शांततेच्या काळात ही गोष्ट फारशी कोणाच्या डोळ्यांवर आली नाही. १९३९ साली लढाई लागली आणि इंग्लंडला हिंदुस्थानातून सगळंच हवं झालं: ताग, कापड, चामडं, धान्य, लाकूड, जहाजांवर माल चढवायला माणसं. या मालाचे पैसे इंग्लंड पौंडात लंडनला जमा दाखवायचं. त्या जमेवर रिझर्व्ह बँक इथे रुपयाच्या नोटा काढायची, आणि त्या नोटांनी इथल्या शेतकऱ्याचं, व्यापाऱ्याचं, गोदी कामगाराचं देणं भागवलं जायचं. माल बोटीने गेला, नोटा इथे राहिल्या. लढाईच्या सुरुवातीला चलनात सुमारे १८० कोटींच्या नोटा होत्या, १९४५ साल संपता संपता त्या अकराशे कोटींच्या पुढे गेल्या. तिजोरीतलं सोनं मात्र होतं जवळजवळ तेवढंच राहिलं, वाढले ते लंडनचे कागद. घाऊक भाव अडीचपटीच्या आसपास चढले. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली.

छपाई नाशिकला होत होती. पूर्वी सरकारी नोटा विलायतेतून छापून यायच्या. १९२८ पासून त्या नाशिकच्या छापखान्यात निघू लागल्या. म्हणजे शाई नाशिकची, यंत्रावर उभा माणूस नाशिकचा, सह्याद्रीच्याच मुलखातला, आणि किती छापायच्या हे ठरणार लंडनच्या गरजेवर.

हे सगळं तेव्हाच ओळखणारी माणसं आपल्याकडे होती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ सालीच रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला होता, आणि चलन चालवणाऱ्याच्या मर्जीवर रुपया सोडला तर गरिबाचं काय होतं याची मांडणी त्यात होती. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ आणि न. वि. सोवनी यांनी लढाई चालू असतानाच, १९४३ साली, सरकारच्या युद्धकालीन अर्थनीतीवर पुस्तक काढलं. मुंबईत प्राध्यापक सी. एन. वकील घसरत्या रुपयावर लिहीत होते. गोखले संस्थेच्या ग्रंथालयात बसून मी ही पुस्तकं वाचली, तेव्हा प्रत्येक तक्त्यात मला चुलीवरचा तो नळा दिसत होता. आकड्यांत असलेली ती 'जनता' माझ्या घरची होती.

एकदा सुट्टीत गेलो असताना मी थोरल्या आजीला पाचची नोट दाखवून म्हणालो, "ही सही बघ. ही चिंतामणराव देशमुखांची. गडी महाडजवळच्या नाते गावचा, रायगडाच्या अंगाचा." १९४३ साली देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले आणि त्यांची सही नोटांवर आली. तिने नोट डोळ्यांजवळ नेली. तिला वाचता येत नव्हतं, पण तिने सहीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "सही आपल्या माणसाची आन् राजा परका, आसं कसं?"

या प्रश्नाला माझ्याकडे त्या दिवशी धड उत्तर नव्हतं. आज जे उत्तर आहे ते एवढंच की सही करणाऱ्याचे हात कायद्याने बांधलेले होते. पण हेच देशमुख १९४४ च्या जुलैत, जगाची चलनव्यवस्था ठरवायला भरलेल्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेला गेले, आणि हिंदुस्थानच्या मंडळाने तिथे जगासमोर हा विषय काढला की इंग्लंडकडे आमचं इतकं येणं तुंबलं आहे, त्याची सोय लावा. त्या मंडळातले ए. डी. श्रॉफ त्यावर तळमळीने बोलले. इंग्लंडतर्फे अर्थशास्त्रज्ञ केन्स होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कामात हा विषय येऊ द्यायला त्यांनी नकार दिला, पण कर्ज प्रामाणिकपणे मानू असं सांगितलं. ते शब्द महत्त्वाचे होते, कारण हे येणं बुडवावं असं म्हणणारे लोक इंग्लंडात होते.

इथे मला आमच्या मुलखाची एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १६७४ साली शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. तहाच्या कलमांत इंग्रजांनी एक कलम असं मागितलं की आमचं नाणं तुमच्या राज्यात चालावं. महाराजांकडून त्याला जे उत्तर मिळालं त्याचा आशय असा: आम्ही कुठल्याही नाण्याला बंदी करत नाही, पण जे घेऊन रयतेचं नुकसान होईल ते नाणं घ्यायला आम्ही तिला भाग पाडू शकत नाही. तुमचं नाणं कसाने आणि वजनाने इतरांच्या बरोबरीचं असेल तर लोक आपण होऊन घेतील. राजधानी रायगडावर जाण्याआधी याच माणसाने राजगडावरून राज्य केलं. त्या गडाच्या पायथ्याला, पावणेतीनशे वर्षांनी, नोट घेणाऱ्या बाईला हा अधिकार उरला नव्हता. कस बघायला हातात धातू नव्हता आणि नाही म्हणायची सोय नव्हती. १८४० साली निघालेल्या बँक ऑफ बॉम्बेच्या काही नोटांवर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम यांच्या पुतळ्यांची चित्रं होती. ज्या दोघांनी पेशवाईचा कारभार गुंडाळला, तेच इथल्या कागदी पैशावर येऊन उभे राहिले. चलन कोणाचं आहे हे त्यावरच्या चित्रावरून कळतं, असं मला वाटतं ते यामुळे.

आता थोरल्या आजोबांबद्दल.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं होतं. त्यात कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गासड्या होत्या आणि चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा होता. दुपारी आग दिसली. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. गोदीच्या मनोऱ्यावरचं घड्याळ ४ वाजून ६ मिनिटांनी बंद पडलं. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान गेले. देशभर १४ एप्रिलपासून जो अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. कामगार आणि आसपासचे रहिवासी किती गेले याचे आकडे वेगवेगळे आहेत, पण ते शेकड्यांतच आहेत.

त्याच जहाजावर ३१ पेट्यांत सोन्याच्या १२४ विटा होत्या, रिझर्व्ह बँकेकडे जाणाऱ्या. चलनात नोटांचा पूर आल्यामुळे त्या काळात इंग्लंड आणि अमेरिका रिझर्व्ह बँकेमार्फत इथे सोनं विकत होते. लोक सोनं घेतील आणि तेवढ्या नोटा परत येतील, असा तो हिशोब. स्फोटात विटा उडाल्या. एक वीट मैलभर लांब एका घराच्या सज्जात जाऊन पडली आणि त्या गृहस्थांनी ती परत केली.

थोरले आजोबा शेजारच्या प्रिन्सेस डॉकमध्ये एका वखारीच्या आडोशाला होते. वाचले, पण दोन्ही कान गेले. मे महिन्यात घरी आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी, आणि पुन्हा मुंबईला गेले नाहीत. मी त्यांना पाहिलं ते म्हातारपणी. थोरली आजी त्यांच्या बाहीला दोनदा ओढ द्यायची म्हणजे जेवायला चला, एकदा ओढायची म्हणजे कोणी आलंय. इतकी वर्षं दोघांचा संसार त्या बाहीवर चालला. शिवारात असले की ती लुगड्याचा पदर हलवायची आणि ते बांधावरून बघायचे. ते रागावलेले मला आठवत नाहीत.

नळ्यातल्या त्या ७ नोटा म्हणजे त्यांची शेवटची मनीऑर्डर आणि थोडी आधीची शिल्लक. लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, १९४८ साली भोर संस्थान विलीन झालं, अशोकस्तंभाच्या नोटा आल्या, आणि तरी तिने त्या मोडल्या नाहीत. अडीनडीची वेळ तिला आली नाही असं मुळीच नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "ह्या मोडल्या आस्त्या तर त्यांचं कान कशात गेलं ते काय दाखवलं आस्तं?"

माझ्यावरचं ऋण त्यानंतरचं. १९७८ साली मी दहावी झालो. पुण्याला कॉलेजात जायचं तर प्रवेश, वसतिगृह, खानावळ. वडिलांकडे काहीच नव्हतं आणि त्यांनी विषय संपवलाही होता. थोरल्या आजीने कणगीतलं पाच मण भात काढलं, त्यात माझ्या आईने धरून ठेवलेले हिरड्याचे पैसे घातले, आणि नसरापूरला माणूस पाठवून भात विकलं. पैसे वडिलांच्या हातात न देता माझ्या हातात दिले. "पोराच्या हातात दे, म्हंजी त्याला वजन कळंल," असं ती आईला म्हणाली. तेव्हा गावापर्यंत गाडी येत नव्हती. साखरवरून मार्गासनीपर्यंत मी चालत गेलो आणि एसटी धरली. ते पाच मण भात तिच्या घरचं पावसाळ्याचं खाणं होतं हे मला आईने पुष्कळ नंतर सांगितलं. त्या पावसात त्या दोघांनी नाचणीवर काढलं.

बँकेत कायम झालो तेव्हा पहिलं काम हे की तिचे पैसे परत करायचे. भात विकून जेवढे रुपये आले होते तेवढे, त्यावर बँकेच्या दराने व्याज, असा कागदावर हिशोब मांडून, कोऱ्या नोटा पाकिटात घालून मी गुंजवण्याला गेलो. तिने नोटा घेतल्या नाहीत.

"म्या तुला भात दिलं व्हतं. तू कागुद काय देतो?"

मी म्हणालो, याचं भात येईल. तिने विचारलं, "पाच मण यील?" मी गप्प झालो. आठ वर्षांत भाताचा भाव कुठे गेला होता हे मला ठाऊक होतं. व्याज धरूनसुद्धा ते बसत नव्हतं. मी ज्या विषयाची परीक्षा दिली होती तो विषय तिने भोगला होता. ज्याने माल दिला त्याला मालच परत मिळाला पाहिजे, नोटांचा आकडा बरोबर आला म्हणजे देणं फिटत नाही, हे तिला लढाईच्या पाच-सहा वर्षांनी शिकवलं होतं.

मग मी पाच मण आंबेमोहोर घेतलं, शेजारच्याच घरातून, आणि तिच्या पडवीत आणून घातलं. तिने पायलीने मोजून घेतलं. पायली भरली की वरून हात फिरवून सपाट करायची, शीग ठेवायची नाही. एक दाणा जास्त घेतला नाही. मोजणी झाल्यावर थोरल्या आजोबांच्या बाहीला तिने एक ओढ दिली, भाताच्या राशीकडे बोट केलं आणि मग माझ्याकडे केलं. ते हसले. भाताचं देणं त्या दिवशी फिटलं आणि ते तिने मोठ्याने सगळ्यांना सांगितलं, वडिलांना मुद्दाम बोलावून. मला मिंधं राहू द्यायचं नव्हतं तिला. माझ्यासाठी तिने आणखी काय काय केलं त्यात हे मी सगळ्यात वर ठेवतो.

इंग्लंडने मात्र आपलं देणं भातात फेडलं नाही. १९४७ च्या ऑगस्टमध्ये करार झाला तेव्हा भारताचं येणं ११६ कोटी पौंड धरलं होतं. पुढच्या वर्षी त्यातून इंग्रजांनी मागे ठेवलेल्या लष्करी सामानाचे १० कोटी पौंड कापले गेले, आणि निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनच्या तरतुदीसाठी आणखी सुमारे १७ कोटी. उरलेलं हप्त्याहप्त्याने सोडलं. दरम्यान लढाईत सगळ्या जगात भाव चढले होते, आणि १९४९ च्या सप्टेंबरात पौंडाची किंमत ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणली गेली. ज्या पौंडात आपण माल दिला त्या पौंडात तो परत आला नाही. तरी ती रक्कम देशाच्या उपयोगी पडली, आपल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेला तिचा आधार होता, हेही नोंदवलं पाहिजे. पण ते येणं देशाच्या खात्यात आलं. ज्यांनी महाग मीठ आणि फाटकं लुगडं सोसून ते कर्ज लंडनला दिलं होतं, त्यांच्या खात्यावर त्याची नोंदच नव्हती, कारण त्यांना कोणी विचारून कर्ज घेतलं नव्हतं. त्या काळातल्या महागाईला माझ्या मते एकच सरळ नाव आहे: गरिबांकडून सक्तीने उचललेलं कर्ज. देशाचं येणं वसूल झालं, त्यांचं झालं नाही.

थोरली आजी गेली त्याच्या आधीच्या दिवाळीत तिने नळा मला दिला. तिच्या मुलांना विचारून दिला, सगळ्यांच्या देखत. "तुला ह्यातलं कळतं, तू ठेव," म्हणाली. थोरले आजोबा आधीच गेले होते. आता नळ्याबरोबर मी एक कागद ठेवला आहे. त्यावर त्या दोघांची नावं, गाव, प्रिन्सेस डॉक, १९४४ आणि पाच मण भात, एवढं लिहिलं आहे. माझ्या मुलीला तो कागद वाचून दाखवला आहे.

वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी ट्रंकेत, पोथीत, देव्हाऱ्यामागे अशा नोटा असतील. त्या विकायच्या असतील तर जरूर विका, तो तुमचा प्रश्न आहे. पण विकण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, ही नोट कोणी आणली, कुठल्या कामाची आणली आणि त्या वर्षी तेवढ्या पैशात घरात काय आलं हे विचारून घ्या, आणि तारीख घालून लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या दप्तरात नोटांचे क्रमांक असतात, ही माणसं त्यात नाहीत.